मळ विकणारा परीट

पूर्वी अश्मक देशात, गोदेच्या काठच्या पोतली नगरात भद्रसेन राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व परटाच्या कुळात जन्माला आला होता. त्याचे नाव क्षेमक. त्याच्या पाठचा भाऊ रोहक. ही गोष्ट खरे तर रोहकाची आहे, कारण यात सगळ्यांत जास्त भ्याला तो, आणि भ्यालेल्या माणसाच्या शेजारी बसूनच ती नीट ऐकू येते.

दोघे भाऊ एकाच घाटावर धुणे धूत. राजवाड्याची गाठोडी थोरला धुई, नगरातली धाकटा. कोणते कापड कोणाचे हे चुकू नये म्हणून पोतलीचे परीट कापडाच्या कोपऱ्याला बिब्ब्याची खूण करीत. कोणाच्या घराचे दोन ठिपके, कोणाचा त्रिकोण, कोणाची नुसती आडवी रेघ. ती खूण भट्टीत उकळली तरी जात नसे, आणि अशा सगळ्या खुणा रोहकाला तोंडपाठ होत्या.

पण परटाचा मुलगा कापडाची नुसती खूण बघत नाही. गाठोडे सोडले की कोणाच्या घरी दुखणे आहे, कोण रात्रभर रडले, कोणाचा जावई पिऊन आला, सगळे त्याला हाताला लागते. म्हणून घाटावर एक जुनी रीत होती. मुलगा पहिल्यांदा दगडापाशी उभा राहिला की बाप त्याच्या जिभेवर नदीचे पाणी ठेवी आणि म्हणे, "गाठोड्यात दिसलं ते गाठोड्यातच बांधायचं." रोहकाच्याही जिभेवर ते पाणी ठेवले होते. पण पाणीच ते, वाळून गेले.

एका धान्याच्या व्यापाऱ्याची म्हातारी आई सुनेला मूल होत नाही म्हणून उपासतापास करीत होती. सुनेची महिन्याच्या महिन्याला येणारी जुनेरी घाटावर येईनाशी झाली, हे रोहकाच्या ध्यानात आले. धुणे पोचवायला गेला तेव्हा तो सहज बोलून गेला, "आजी, यंदा पाळणा बांधायच्या तयारीला लागा." खरोखरच पाळणा बांधला गेला. म्हातारीने रोहकाला रेशमी उपरणे दिले आणि परटाला वाचासिद्धी आहे असे ती गावभर सांगत सुटली.

झाले. रोहकाने कपाळाला राख फासली. दुपारी धुणे वाळत पडले की तो पिंपळाखाली बैठक मारू लागला. लोक येत, समोर धान्य नाहीतर वस्त्र ठेवीत, काही विचारीत. तो डोळे मिटी, थोडा घुमे, आणि आदल्या आठवड्याच्या गाठोड्यात जे पाहिले ते त्यांनाच परत सांगे. लोक आपलेच घर विकत घेऊन आनंदाने घरी जात. हातचा धंदा सुटला नाही आणि वर दुसरा लागला, रोहकाला आणखी काय हवे होते?

बोधिसत्त्वाने त्याला बाजूला घेतले. "रोहका, मळ धुवायचा असतो. विकायचा नसतो."

"दादा, मी कोणाचं वाईट करतो का? रोजचंच काम आहे आपलं, त्यातल्याच चार गोष्टी सांगतो. अंगात कसब आहे तर घरात दोन घास जास्त आले, बिघडलं कुठं?"

"अजून तुला कोणी वाईट विचारलं नाही, म्हणून बिघडलं नाही. विचारायला येईल कोणीतरी."

रोहक हसला. थोरल्या भावांना असे काहीतरी बोलायची सवयच असते, असे त्याला वाटले.

मग एका पहाटे राजाच्या बागेत एक माणूस शस्त्र घेऊन शिरला. पहारेकऱ्याचा भाला त्याच्या मांडीत घुसला, तरी तो भिंतीवरून उडी टाकून पळाला. राजाने दवंडी पिटवली, की जो त्याला घरात थारा देईल त्याला सुळावर देऊ. वेशी बंद झाल्या. शिपाई माळे उपसू लागले, कणग्यांत भाले खुपसू लागले. पोतलीत माणसे दबक्या आवाजात बोलू लागली आणि दिवसाढवळ्या दारे लावून बसू लागली.

पिंपळाखालीही माणसे येईनाशी झाली. एका दुपारी रोहक एकटाच बसला होता, तेव्हा नगराचा कोतवाल कालसेन चालत आला. त्याच्या मागे शिपाई होते. कोतवाल शांतपणे रोहकासमोर बसला.

"तुला सगळं दिसतं म्हणतात."

"थोडंफार, धनी. लोकांचं प्रेम."

"मग बघ. मांडीत जखम घेतलेला माणूस कोणत्या घरात आहे?"

रोहकाच्या तोंडचे पाणी पळाले. "ध्यान लागायला वेळ लागतो, धनी. चार दिवस उपास करावा लागतो."

"लाव की ध्यान. मी बसतो इथं." कालसेनाचा आवाज चढला नाही. "नाही सांगितलंस, तर तुला माहीत आहे आणि तू लपवतोस, असं मी धरीन. सूळ एकच आहे, त्याला कोणीही चालतं."

कोतवालही आतून हादरलेला होता. माणूस सापडला नाही तर राजा त्याचेच डोके मागणार होता. पण भ्यालेल्या माणसाच्या हातात अधिकार असला, की त्याची भीती तो दुसऱ्याच्या पदरात टाकतो. रोहकाने डोळे मिटले. पायाखालची जमीन कुठे आहे हेच त्याला कळेना. आणि त्या अंधारात त्याला एक कापड दिसले. त्या सकाळीच घाटावर आलेले एक जुनेर, रक्ताने भरलेले, आणि कोपऱ्याला त्रिकोणाची खूण. कोष्ट्यांच्या आळीतल्या शामलेचे घर.

सांगू नये, सांगू नये, असे तो मनाशी म्हणत होता, तोवर जीभ बोलून गेली.

"कोष्टीआळी. शामलेचं घर."

कालसेन उठला. जाताना त्याने रोहकापुढे आपली अंगठी टाकली. रोहकाला ती उचलण्याचेही बळ राहिले नव्हते.

शामला विधवा होती, मागावर लुगडी विणून तीन मुले वाढवीत होती. शिपायांनी तिचे घर खणून काढले. जखमी माणूस मिळाला नाही, पण घंगाळात भिजत घातलेले रक्ताचे आणखी एक जुनेर मिळाले. "हे रक्त कोणाचं?" कोतवालाने विचारले. ती काहीच बोलली नाही. तिला दोरी बांधून घाटाच्या रस्त्यानेच नेले. मागे तिची मुले धावत होती आणि शेजारणी त्यांना ओढून धरीत होत्या. रोहक दगडाआड उभा होता. तिने त्याला पाहिले. तिच्या डोळ्यांत राग असता तर बरे झाले असते, तिथे नुसते भय होते, रोहकाच्या मनात होते तसलेच.

तो धावत थोरल्या भावाकडे गेला आणि त्याच्या पायाशी बसून सगळे सांगितले. बोधिसत्त्वाने एवढेच विचारले, "ते कापड कुठं आहे?"

रोहकाने जुनेर आणून दिले. बोधिसत्त्वाने ते उलगडले, नाकाशी नेले, आणि भावापुढे धरले. "हुंग."

रोहकाने वास घेतला. रक्ताखाली दुसरा एक वास होता. वेखंडाचा.

"जखमेला कोणी वेखंड लावतं का?" बोधिसत्त्व म्हणाला. "हे बाळंतिणीचं आहे. तू कोपऱ्यातली खूण पाहिलीस, कापड पाहिलं नाहीस."

पोतलीत रीत होती, की जन्मलेल्या मुलाला नवे कापड लावायचे नाही. जिची मुले जगली-वाचली, तिच्या घरचे जुनेर मागून आणायचे आणि त्यात बाळ घ्यायचे. शामलेची तिन्ही मुले धडधाकट, म्हणून कोष्टीआळीच काय, पलीकडच्या दोन आळ्यांतही तिची जुनेरी फिरत. शेंबडे पोरही हे जाणत होते. सुळाच्या नावाने नेमके तेच रोहक विसरला होता.

"मग दादा, जाऊन सांगू या ना. बाळंतिणीचं आहे म्हणू."

"तो विचारील, कोणाची बाळंतीण? पोतलीत तर या दिवसांत कोणाच्या घरी बारसं नाही. मग शामला का बोलत नाही, कळलं का तुला?"

रोहकाला कळले. कोणाचे तरी मूल चोरून जन्मले होते, शामलेने ते बाळंतपण केले होते, आणि नाव फुटले तर त्या आईचा जीव गेला असता. बोलली तर शामला सुटणार होती, आणि ती बोलत नव्हती.

"तुला ठाऊक आहे कोणाचं ते?"

"गाठोडं आणून टाकणारी बाई मी पाहिली," बोधिसत्त्व म्हणाला. "तुला सांगणार नाही. सकाळी मी राजाकडे जातो."

"दादा, ते तुला सुळावर देतील."

"देतीलही." बोधिसत्त्व ते जुनेर पाण्यात बुडवून पिळत होता. "मलाही भीती वाटते रे. पण तिची पोरं आहेत."

सकाळी राजवाड्यापुढच्या मैदानात सुतार बसून सुळाचे टोक तासत होते. टोक तासून झाले की एक जण त्यावर अंगठा फिरवून पाही आणि पुन्हा तासू लागे. रोहकाला भावाने घरी राहायला सांगितले होते, पण घरी त्याच्याने बसवले नाही. तो गर्दीतून आत शिरला आणि दरबारात खांबाआड उभा राहिला.

शामला मधोमध उभी होती. कालसेनाने तिच्या घरात सापडलेले रक्ताचे कापड राजाला दाखवले. राजा काही बोलणार, एवढ्यात बोधिसत्त्व पुढे झाला.

"महाराज, मी क्षेमक परीट. हे रक्त जखमेचं नाही. या बाईनं कोणाला लपवलेलं नाही."

"कशावरून?" राजाने विचारले.

"याच्या जोडीचं कापड आमच्याकडे धुवायला आलं. ते कोणाचं हे मला ठाऊक आहे."

"कोणाचं?"

"ते मी सांगणार नाही, महाराज. सांगितलं तर एकीच्या जागी दुसरी मरेल. खोटं मी बोलत नाही आणि हे खरं सांगत नाही. कोणाला तरी सुळावर द्यायचंच असेल, तर मला द्या आणि हिला मुलांकडे जाऊ द्या."

कालसेनाची नजर फिरत फिरत खांबाआड गेली. "महाराज, याचा भाऊ इथंच आहे. त्याला सिद्धी आहे. त्यानंच हे घर दाखवलं. तो सांगेल कोणाचं रक्त ते." दोन शिपायांनी रोहकाला दंडाला धरून मधे आणले. कोतवाल त्याच्या कानाशी वाकला आणि हळू म्हणाला, "एकच नाव. मग तू आणि तुझा भाऊ, दोघंही घरी."

आणि रोहकाचे कसब, मालकाला न विचारता, आपोआप चालू लागले. कोणत्या घरची महिन्याची जुनेरी बरेच दिवस आली नव्हती? माळ्याच्या घरची. माळ्याच्या लेकीचा नवरा वर्षापूर्वी सार्थवाहाच्या तांड्याबरोबर दूरदेशी गेला, तो अजून परतला नव्हता. रोहकाने हे इतके दिवस पाहूनही पाहिले नव्हते, कारण गरिबाच्या घरचे भविष्य कोण विकत घेणार? आता ते नाव त्याच्या जिभेच्या टोकावर येऊन बसले. बाहेर रंधा चालल्याचा आवाज येत होता. त्याने भावाकडे पाहिले. भाऊ त्याच्याकडे बघत नव्हता. रोहकावर कसलेही ओझे पडू नये म्हणून तो समोर बघत होता.

रोहकाला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. तो राजापुढे पालथा पडला.

"महाराज, मला काही दिसत नाही. मला सिद्धीबिद्धी काही नाही. मी परीट आहे. लोकांची धुणी बघून मी त्यांना त्यांच्याच घरातलं सांगत होतो. या बाईचं नाव मी भिऊन घेतलं आणि चुकीचं घेतलं. आता दुसरं नाव घेणार नाही. मला मारा."

असे म्हणून तो रडू लागला, आणि सूळ आता नक्की म्हणून त्याने डोळे मिटून घेतले. पण कोणी त्याला धरायला आले नाही. त्याने डोके वर केले, तेव्हा त्याला एक नवल दिसले.

सगळा दरबार घाबरला होता. खाई त्याला खवखवे म्हणतात, तसे झाले होते. अमात्य स्वतःच्या उपरण्याचा काठ चाचपत होता. सेनापती आठवत होता की गेल्या महिन्यात कोणत्या घरी राहून त्याने कोणते वस्त्र धुवायला टाकले. पुरोहिताचा चेहरा पडला होता. आजवर परीट म्हणजे काय, तर येतो, नेतो, आणून देतो. तो बघतो, हे त्यांच्या डोक्यातच आले नव्हते.

आणि राजाचा चेहरा तर चुन्यासारखा पांढरा झाला होता.

"राजवाड्याचं धुणं कोण धुतो?" त्याने विचारले.

"मी, महाराज," बोधिसत्त्व म्हणाला.

राजाने हात हलवून सगळ्यांना बाहेर काढले. कालसेन रेंगाळला, त्यालाही काढले. आत शामला, दोघे भाऊ आणि राजा एवढेच उरले. या भद्रसेनाला लोक सिंह म्हणत. पण गादीवर बसल्यापासून त्याला मारेकऱ्याची स्वप्ने पडत, आणि स्वप्नात भिऊन तो लहान मुलासारखे अंथरूण ओले करी. हे त्याच्या एका म्हाताऱ्या दासीला ठाऊक होते, आणि ज्याच्याकडे ते अंथरूण जाई त्याला.

"माझी अंथरुणंही?" राजाने अगदी हळू विचारले.

"होय, महाराज."

"किती जणांना सांगितलंस?"

"कोणालाच नाही. भावालासुद्धा नाही. धुतली, वाळवली, घडी करून परत पाठवली."

ज्याच्या एका शब्दाने राजाचे सिंहपण धुळीला मिळाले असते, तो माणूस रोज त्याच्या दाराशी येऊन गाठोडे ठेवून जात होता. आणि आज त्याच माणसाची जीभ सोडवायला बाहेर सूळ तयार होत होता. आज सुळाला भिऊन ती सुटली, तर उद्या दुसऱ्या कोणाच्या सुळाला भिऊनही सुटेल, हे राजाला कळायला वेळ लागला नाही.

बोधिसत्त्वाला त्याची दया आली. "भिऊ नका, महाराज," तो म्हणाला.

राजाला असे कोणी कधी म्हटले नव्हते. लोक त्याला भीत, त्याला अभय देणारा कोणी भेटला नव्हता. तो आसनावरून उतरला आणि त्याने आपल्या हाताने शामलेची दोरी सोडली.

"घरी जा, बाई. तुला कोणी काही विचारणार नाही."

मग राजाने दवंडी पिटवली, की शोध करायचा तो करा, पण कोणाचे धुणे उपसून करू नका. कालसेनाला सीमेवरच्या ठाण्यावर धाडले. तो जखमी माणूस कोण होता हे पोतलीत शेवटपर्यंत कोणाला कळले नाही.

रोहकाने कानाला खडा लावला. अंगठी त्याने कोतवालाच्या माणसाकडे परत पाठवून दिली. पिंपळाखाली काही दिवस लोक येऊन बसत आणि वाट पाहून निघून जात. काही काळाने शामलेच्या गाठोड्यात लहान दुपटी येऊ लागली. तिची मुले तर चांगली मोठी होती. रोहकाने दुपटी धुतली, वाळवली, घडी करून दिली, आणि दारातून मान खाली घालून परत आला.

ही कथा सांगून शास्ते, भिक्षूंचे गुरू, थांबले. सभेत एक भिक्षू मागे बसला होता. भिक्षेसाठी दारोदार जाताना घराघरांत जे दिसे त्यावरून तो लोकांना होणारे-जाणारे सांगू लागला होता, आणि त्याच्या पात्रात आता तुपाचे पदार्थ पडू लागले होते. त्याची मान खाली गेलेली सगळ्यांनी पाहिली.

शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, याने हे आजच केले असे नाही. तेव्हाचा रोहक तो हाच. पण शेवटी याने तोंड मिटले होते, तेही ध्यानात असू द्या. राजा भद्रसेन म्हणजे आजचा आनंद, शामला कोष्टीण म्हणजे राहुलमाता, आणि क्षेमक परीट तो मीच होतो. तेव्हाचा कोतवाल अजून भीत आणि भिववीत फिरतो आहे, त्याचे नाव घेण्यात कोणाचे हित नाही."

एका भिक्षूने विचारले, "भगवन्, आणि माळ्याची ती लेक? ती आज कोण आहे?"

"ते मला ठाऊक आहे," शास्ते म्हणाले, "आणि ते मी तेव्हा सांगितले नाही, आजही सांगणार नाही. आपली लाज ज्याच्या हाती सापडली, त्याचेच भय वाटेनासे व्हावे, याला अभयदान म्हणतात."